पऱ्हाटी, भेंडी आणि अंबाडीचे नाते

आश्विनाच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या कपाशीच्या वावरात, धुऱ्यालगतच्या चार-पाच तासांत, तीन झाडांची फुले शेजारीशेजारी पाहायला मिळतात: पऱ्हाटीचे, काठाने पेरलेल्या अंबाडीचे आणि घरच्या भाजीपुरत्या टोबलेल्या भेंडीचे. तिन्ही फुलांना पाच पाकळ्या, पीळ घातल्यासारख्या एकीवर एक. तिन्हींच्या बुडाशी हिरव्या पानांचा दुहेरी वेढा. तिन्हींच्या मध्यभागी एक नळी, आणि तिच्या अंगावर परागकोश चिकटलेले. कृषी खात्याच्या तक्त्यात मात्र ही तीन झाडे लांब-लांब बसतात. कपाशी तंतुपिकांत, भेंडी फळभाज्यांत, अंबाडी कधी तंतुपिकांत तर कधी पालेभाज्यांत. वनस्पतिशास्त्र तिघींना एकाच घरात ठेवते, आणि त्या घराचे मराठी नावच मुळी भेंडी कुल असे आहे. गुलाबी बोंडअळीलाही हेच घर ओळखीचे. कपाशीची बोंडे मिळेनाशी झाली की ती भेंडीवर आणि अंबाडीवरही जगू शकते.

तक्ता चूक आणि शास्त्र बरोबर, असा याचा अर्थ नाही. झाडांचे गट पाडताना कोणता प्रश्न विचारला आहे, यावर गट ठरतात. झाडाचे नाते कोणाशी, हा एक प्रश्न. ते केव्हा पेरायचे, हा दुसरा. त्याचे काय विकायचे, हा तिसरा. बी घरचे ठेवता येईल का, हा चौथा. वर्ध्याच्या काळ्या मातीत पेरणारा शेतकरी वर्षभरात हे चारही प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक वेळी तीच पिके वेगळ्या रांगांत उभी करतो.

झाडांची अशी विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत वनस्पतींचे चार प्रकार सांगितले आहेत. फुलाशिवाय फळ धरणारी ती वनस्पती, फूल येऊन मग फळ धरणारी ती वानस्पत्य, फळ पिकले की मरून जाणारी ती ओषधी, आणि पसरत वाढणारी ती वीरुध. उंबर पहिल्या गटातले. उंबराला फुले असतात, पण ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. गहू आणि हरभरा तिसऱ्या गटातले. याच ग्रंथातल्या अन्नपानाच्या अध्यायात धान्यांची आणखी एक वाटणी आहे. कुसळ असलेली ती शूकधान्ये आणि शेंगेत येणारी ती शमीधान्ये. आजच्या भाषेत पहिली तृणधान्ये आणि दुसरी कडधान्ये. कुसळ आणि शेंग या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर केलेली ही वाटणी आधुनिक शास्त्राच्या दोन मोठ्या कुलांशी बहुतेक तंतोतंत जुळते, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

अडचण येते ती नावांची. वर्ध्याच्या बाजारात ‘सांबार’ मागितला तर कोथिंबिरीची जुडी हातात पडते. पुण्याला तोच शब्द उच्चारला तर इडलीबरोबरची आमटी पुढे येते. इथली बरबटी पश्चिम महाराष्ट्रात चवळी होते. गाजरगवताचा गाजराशी संबंध पानांच्या साम्यापुरता आणि गवताशी तर तेवढाही नाही. ते सूर्यफूल, करडई आणि शेवंतीच्या कुलातले आहे. एका झाडाला दहा नावे आणि एका नावाची चार झाडे, हा गोंधळ जगभर होता. तो आवरण्याची रीत स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी 1753 मध्ये ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथातून रूढ केली. प्रत्येक झाडाला दोन शब्दांचे लॅटिन नाव, पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. तूर म्हणजे कजानस कजान, हरभरा म्हणजे सायसर अरायटिनम, कोथिंबीर म्हणजे कोरिअँड्रम सॅटायव्हम, मग ती वर्ध्याची असो की पुण्याची.

जाती आणि प्रजातीच्या वर पायऱ्यांची एक शिडी आहे. वर्ध्यात आज सर्वत्र दिसणाऱ्या अमेरिकन कपाशीची शिडी खालून वर अशी चढते. जाती हिर्सुटम, म्हणजे केसाळ. प्रजाती गॉसिपियम. कुल माल्व्हेसी, म्हणजेच भेंडी कुल. गण माल्व्हेलीझ. त्यावर द्विदल वनस्पतींचा वर्ग, त्यावर फळात बी झाकलेले असणाऱ्या आवृतबीज वनस्पतींचा विभाग, आणि सर्वांत वर वनस्पतिसृष्टी. बोलीत ‘कपाशीची कोणती जात लावली?’ असे विचारले जाते तेव्हा तिथे जात म्हणजे वाण असतो. शास्त्रातली जाती त्याच्या एक पायरी वर असते. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की कृषी मेळाव्यातल्या व्याख्यानाचा अर्धा अर्थ निसटतो, म्हणून हा फरक आधीच ध्यानात घेतलेला बरा.

लिनियसने गट पाडले ते फुलातल्या केसरांची संख्या मोजून. मोजायला सोपे, पण नाते सांगायला तोकडे. पुढे बेंथॅम आणि हूकर या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1862 ते 1883 या काळात फुला-फळांच्या अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून जी पद्धत मांडली, तिच्या क्रमाने भारतातल्या महाविद्यालयांतले वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह लावले गेले. आज पेशीतल्या डीएनएची तुलना करून नाती ठरवतात. या पद्धतीचा पहिला सर्वमान्य आराखडा 1998 मध्ये आला. त्याने काही घरे मोडली, काही जोडली. बोर अभयारण्याच्या वाटेवर फाल्गुनात लालभडक फुलणारी काटेसावर पूर्वी वेगळ्या कुलात होती, ती आता कपाशीच्याच कुलात आली आहे. सावरीच्या बोंडातून उडणारा कापूस पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही, पण फक्त तेवढ्यावर हा निर्णय झालेला नाही.

कपाशीच्या वर्गीकरणाची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात हिंगणघाटचे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाचे वर्ग गावांच्या नावाने पाडलेले होते. भडोच, धोलेरा, उमरा आणि हिंगणघाट. उमरा म्हणजे उमरावतीचा, आजच्या अमरावतीचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि या नावांना सोन्याचे मोल आले. वर्धा जिल्हा नागपूरमधून वेगळा झाला तो नेमका याच काळात, 1862 मध्ये. हिंगणघाटचा माल बहुतांशी ‘बनी’ नावाच्या कपाशीचा. ही देशी कपाशी असूनही तिचा धागा तलम, आणि इतर देशी कपाशींच्या मानाने लांब. पण बनीच्या बोंडात सरकीच्या मानाने रुई कमी निघे. शेतकऱ्याला भाव मिळायचा वजनावर. हळूहळू जाड्याभरड्या, पण भरघोस रुई देणाऱ्या ‘जरी’ कपाशीची भेसळ वाढत गेली आणि बनी मागे हटली. व्यापाराने गावाच्या नावावर वर्ग पाडला होता. त्या गावाच्या वावरात झाड बदलले तरी नाव तेच राहिले, आणि नावावर विश्वासून माल घेणारा फसू लागला. गावावरून केलेल्या वर्गीकरणाचा हा मोठा दोष आहे.

शास्त्रज्ञांपुढचा गोंधळही काही लहान नव्हता. जी. ए. गॅमी यांनी 1905 मध्ये हिंदुस्थानी कपाशींची पाहणी प्रसिद्ध केली, जॉर्ज वॉट यांनी 1907 मध्ये साऱ्या जगातल्या कपाशींवर जाडजूड ग्रंथ काढला. पानाच्या खाचा किती खोल, फूल पिवळे की पांढरे, सरकीवर लव किती, अशा बारक्या फरकांवर स्वतंत्र जाती मानल्या गेल्या आणि त्यांची संख्या फुगत गेली. बनीलाही एक वेगळे लॅटिन नाव मिळाले होते. मग जे. बी. हचिन्सन यांनी इंदूरच्या संस्थेत काम करताना कसोटीच बदलली. दिसण्यातल्या फरकावर न थांबता ही झाडे एकमेकांशी संकर केल्यावर सशक्त, फळणारी संतती देतात का, हे पाहिले. देतात, असे आढळले. 1937 मध्ये त्यांनी आर. एल. एम. घोष यांच्यासह आशिया-आफ्रिकेतल्या कपाशींचे नवे वर्गीकरण मांडले आणि 1947 मध्ये सिलो व स्टीफन्स यांच्यासह कपाशीच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ लिहिला. लागवडीतल्या कपाशीच्या मुख्य जाती चारच, हे तेव्हापासून पक्के झाले. आर्बोरियम आणि हर्बेशियम या दोन जुन्या जगातल्या, म्हणजे आपल्या देशी. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या दोन नव्या जगातल्या, म्हणजे अमेरिकन आणि इजिप्शियन. बनी, जरी ही सारी मंडळी आर्बोरियम या एकाच जातीची भावंडे ठरली.

या चौघींतली भिंत पेशीच्या आत आहे. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन आणि इजिप्शियन कपाशीत 52. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या आणि नव्या जगातल्या अशा दोन पूर्वजांच्या गुणसूत्रांचे संच एकत्र येऊन 52 गुणसूत्रांची कपाशी निर्माण झाली, असे आज मानले जाते. त्यामुळे देशी आणि अमेरिकन कपाशीचा सहजासहजी संकर होत नाही, झाला तरी झाड वांझ निघते. अमेरिकन आणि इजिप्शियनचा मात्र जमतो. 1970 मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा व्यापारी लागवडीतला जगातला पहिला संकरित कापूस तयार केला. त्याचे दोन्ही पालक हिर्सुटमचे होते. 1972 मध्ये धारवाडहून आलेल्या वरलक्ष्मीत हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या दोन जाती एकत्र आल्या. पुढच्या तीस वर्षांत विदर्भातली देशी कपाशी कोपऱ्यात गेली, आणि 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर वावरे जवळजवळ पूर्णपणे हिर्सुटमची झाली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मात्र आर्बोरियमवरचे काम सोडले नाही. एकेए-7, एकेए-8401 हे तिथले देशी वाण. रस शोषणाऱ्या किडी आणि पाण्याचा ताण देशी कपाशी अधिक चांगला सोसते. हिंगणघाटला एकेकाळी ज्या जातीने नाव मिळवून दिले, तिच्यासाठी कोरडवाहू वावरात थोडी जागा राखली जायला हवी.

कपाशीच्या तासांमध्ये ठरावीक अंतराने तुरीचे तास असते. तुरीचे पिवळे फूल हातात घेऊन पाहावे. वर उभारलेली एक मोठी पाकळी, बाजूला पंखांसारख्या दोन, आणि खाली होडीच्या तळासारख्या जुळलेल्या दोन. आता हेच फूल मनाने दहापट मोठे करून केशरी रंगवावे. ते पळसाचे फूल झाले. तूर, पळस, सोयाबीन, हरभरा, मूग, बरबटी, भुईमूग ही सगळी शिंबावंत कुलाच्या एकाच शाखेतली आहेत. त्या शाखेला मराठीत पलाश उपकुल म्हणतात. धुऱ्यावरची बाभूळ आणि पहिल्या पावसात पोरे ज्याची भाजी खुडून आणतात तो तरोटाही याच कुलातले, पण फुलांची घडण वेगळी. पूर्वी या कुलाची तीन उपकुले मानत. 2017 मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती सहा केली आणि बाभूळ तरोट्याच्या घरात गेली.

या कुलाची कीर्ती मुळांवरच्या गाठींमुळे आहे. गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. पण कुल एक म्हणून जिवाणूही एकच, असे नाही. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, आणि तूर, मूग, उडीद, बरबटी, भुईमूग यांचा मिळून आणखी एक गट. रायझोबियम जिवाणूंच्या पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते ते यासाठी. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला लावले तर पैसे आणि मेहनत दोन्ही वाया जातात. तरोट्याच्या मुळांवर तर गाठीच येत नाहीत. कुलाचे नाव पुष्कळ सांगते, पण सगळे सांगत नाही.

याची उलट बाजूही आहे. हरभऱ्याचे घाटे पोखरणारी घाटेअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी आणि कपाशीवरची हिरवी बोंडअळी ही एकाच किडीची तीन नावे आहेत. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही कीड कुलाची मर्यादा पाळत नाही, टोमॅटोवरही पोसते. गुलाबी बोंडअळी कुलाला धरून राहते. म्हणून 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाल्यानंतर जी खबरदारी सांगितली गेली, तिच्यात फरदड (वेचणीनंतर तीच पऱ्हाटी राखून घेतलेले पीक) न घेणे आणि पऱ्हाट्यांची वेळेत विल्हेवाट लावणे यावर भर होता. भेंडी कुलातली यजमान झाडे वावरातून हटली की त्या अळीची साखळी तुटते. हेलिकोव्हर्पाला एवढ्याने आळा बसत नाही.

बी भिजत घालून त्याचे साल काढले की दोन डाळी सुटतात ते द्विदल, सुटत नाहीत ते एकदल. तूर, हरभरा, कपाशी, जवस, संत्रा द्विदल. गहू, जवारी, ऊस, हळद, केळी एकदल. द्विदल झाडाला सोटमूळ, पानात शिरांची जाळी, फुलाचे भाग बहुधा चार-पाचाच्या पटीत. एकदलाला तंतुमुळांचा झुपका, समांतर शिरा, फुलाचे भाग तिनाच्या पटीत. शाळेत पाठ केलेला हा भेद वावरात तणनाशकाच्या डब्यावर पुन्हा भेटतो. सोयाबीनमध्ये वापरली जाणारी क्विझॅलोफॉपसारखी औषधे गवतवर्गीय तण मारतात, द्विदल पिकाला इजा करत नाहीत. टू-फोर-डी याच्या उलट चालते. ते गहू-जवारीत रुंद पानांचे तण मारते, आणि त्याचा नुसता अंश राहिलेला पंप कपाशीवर फिरला तरी पऱ्हाटीची पाने अरुंद, लांबट, बोटांसारखी होऊन जातात. कपाशी या औषधाला विलक्षण नाजूक आहे.

तण ओळखण्यात चूक होते ती लव्हाळ्यापाशी आणि केन्यापाशी. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण त्याची दांडी बोटांत फिरवली तर तीन कडा लागतात. गवताची काडी गोल आणि पेरांची असते. लव्हाळा मोथ्याच्या कुलातला, म्हणून फक्त गवत मारणारे औषध त्याला बाधत नाही. केना एकदल असूनही रुंद पानाचा आणि गवताच्या कुलाबाहेरचा. तोही तसाच सुटतो. औषध ‘चालले नाही’ अशी तक्रार होते तेव्हा पुष्कळदा औषध आपल्या कुलापुरते नीट चाललेले असते.

आता हंगामाचा प्रश्न. सरकारी दप्तरात पिकांची पहिली वाटणी खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी असते. खरीप आणि रब्बी हे अरबीतून आलेले शब्द. मूळ अर्थ शरद आणि वसंत, म्हणजे पीक हाती येण्याचे ऋतू. आपण मात्र ते पेरणीच्या काळासाठी वापरतो. मृगाच्या पावसावर कपाशी, सोयाबीन, तूर. दिवाळीच्या आगेमागे गहू, चना. बोर आणि धाम प्रकल्पांच्या कालव्यांखाली किंवा विहिरीचे पाणी असेल तिथे उन्हाळी भुईमूग, तीळ. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास आटोपते आणि त्याच वावरात चना उभा राहतो. तूर खरिपात पेरलेली, पण उभी राहते पौषापर्यंत. हळद उन्हाळ्याच्या शेवटी लावतात आणि निघते माघ-फाल्गुनात. या दोन पिकांना हंगामाचा रकाना तोकडाच पडतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला मोबाईलवर स्वतःच नोंद करता येते. तिथे निर्भेळ पीक की मिश्र पीक, हेही नोंदवायचे असते. कपाशीतल्या तुरीच्या तासांची नोंद राहून गेली तर कागदावर ती तूर नसतेच, आणि विक्रीच्या वेळी किंवा नुकसानीच्या पंचनाम्यात हे महागात पडू शकते.

झाड किती वर्षे जगते हाही एक निकष आहे. वर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू. शेतीत झाडाचे आयुष्य माणूस ठरवतो. आर्बोरियम या शब्दाचा अर्थ झाडासारखे, आणि परसातला वातींचा देवकापूस वर्षानुवर्षे उभा राहतो ते पाहिले की कपाशी मुळात बहुवर्षायू आहे हे पटते. वावरात ती वर्षायू म्हणून वाढवली जाते. सेलू तालुका एकेकाळी ज्या केळीसाठी ओळखला जाई, तिला झाड म्हणतात खरे, पण तिला लाकूड नाही. खोड दिसते ते पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी असते, खरे खोड जमिनीत. शास्त्राच्या हिशेबाने केळ ही मोठी ओषधी.

उपयोगावरून केलेले वर्ग बाजाराला आणि धोरणाला सोयीचे असतात. तृणधान्य, कडधान्य, गळीतधान्य, तंतुपीक, मसाला, फळ, भाजी, चारा. सोयाबीन कुलाने कडधान्यांच्या रांगेतले. पण त्यात तेल 18 ते 20 टक्के असते, आणि आपल्याकडे ते मुख्यतः गाळपासाठी विकले जाते, म्हणून शासन ते गळीतधान्यात धरते. भुईमुगाचेही तसेच. त्यामुळे सोयाबीननंतर चना घेणारा शेतकरी कागदावर गळीतधान्यानंतर कडधान्य घेतो, प्रत्यक्षात मात्र एकाच कुलातल्या दोन पिकांचा फेर असतो. वांगी, टमाटे, मिरची आणि आलू यांचेही कुल एकच. मर रोग लागलेल्या वांग्याच्या वाफ्यात पुढच्या वर्षी मिरची लावून पिकाचा फेरपालट झाला, असे समजण्यात अर्थ नाही.

कापूस विकताना झाडाची जाती कोणी विचारत नाही, धाग्याची लांबी विचारतात. 20 मिलिमीटरपर्यंतचा आखूड, 20.5 ते 24.5 मध्यम, 25 ते 27 मध्यम लांब, 27.5 ते 32 लांब आणि 32.5 च्या पुढे अतिलांब. हमीभावही धाग्याच्या लांबीवरूनच वेगवेगळे ठरतात. सरकीचे तेल आणि पेंड हे कपाशीचे मोठे उत्पन्न असूनही ती गळीतधान्यांच्या यादीत येत नाही.

आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांतल्या संत्र्याच्या बागांत वर्गीकरणाचा वेगळाच नमुना उभा असतो. संत्र्याचे कलम जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. म्हणजे जमिनीखाली एक झाड आणि वर दुसरे. दोघांची प्रजाती सिट्रस एकच असल्यामुळे हे जुळते. बाभळीच्या खुंटावर संत्रा जन्मात लागणार नाही. सिट्रसच्या जाती किती, यावर मात्र विसाव्या शतकभर वाद चालला. अमेरिकेचे स्विंगल 16 जाती मानत, जपानचे तानाका दीडशेहून अधिक. लिंबूवर्गातली झाडे आपसांत सहज संकर करतात आणि त्यांच्या बियांतून पुष्कळदा हुबेहूब आईसारखीच रोपे उगवतात, त्यामुळे कोणता संकर आणि कोणती स्वतंत्र जाती हे नुसते पाहून ठरत नाही. डीएनएच्या अभ्यासाने आता असे दाखवले आहे की लागवडीतली बहुतेक लिंबूवर्गीय फळे मोजक्या मूळ जातींच्या मिसळीतून आली आहेत.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद हे या साऱ्या शिडीच्या शेवटच्या पायरीचे उदाहरण. जाती कर्क्युमा लोंगा, जी सांगलीलाही आहे आणि इरोडलाही. पण वायगावच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या हळदीत रंग देणारे कर्क्युमिन अधिक असते. या वेगळेपणाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगणघाटच्या कापसाला गावाचे नाव होते, पण त्या नावामागे कायदा नव्हता. वायगावच्या हळदीमागे तो आहे. हळदीत भेसळ शिरायला एक नैसर्गिक अटकावही आहे. तिला बी धरत नाही, गड्डे आणि हळकुंडे हेच बेणे, म्हणून प्रत्येक नवे झाड जुन्याचेच रूप असते.

बियांवर चालणाऱ्या पिकांत परागीभवनाचा प्रकार पाहावा लागतो. सोयाबीन, चना आणि गहू यांची फुले आपल्याच परागाने फळतात. म्हणून सोयाबीनच्या जेएस-335 सारख्या सरळ वाणाचे बी घरचे राखता येते, फक्त दर दोन-तीन वर्षांनी बदलावे. तुरीवर मधमाश्या फिरतात, शेजारच्या वावरातला पराग येतो, वाण हळूहळू बिघडतो. संकरित कपाशीचे तर घरचे बी दुसऱ्या वर्षी गुण सांभाळत नाही, म्हणून दरसाल पाकीट विकत घ्यावे लागते. बी घरचे की दुकानचे, हा खर्चाचा मोठा प्रश्न शेवटी फुलाच्या घडणीवर येऊन थांबतो.

बियाण्याच्या पिढ्यांनाही वर्ग आहेत, आणि ते रंगांनी दाखवतात. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी, आणि उत्पादकाने स्वतःच्या हमीवर विकलेल्या सत्यप्रत बियाण्याला फिकट हिरवी. 1966 च्या बियाणे कायद्याने पिशवीवर पीक आणि वाण या दोन्ही गोष्टी लिहिणे बंधनकारक केले. गंमत अशी की या कायद्यात पिकाची व्याख्या लॅटिन नावावर बेतलेली नाही. एका बोली नावाने ओळखल्या जाणाऱ्या एक किंवा अनेक जवळच्या जाती मिळून एक पीक, अशी ती आहे. शास्त्राच्या चार कपाशी कायद्यापुढे एकच कापूस असतात. फरक उरतो तो वाणाच्या रकान्यात. तो रकाना वाचूनच पाकीट घ्यावे. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, खूणचिठ्ठी आणि लेबल शाबूत ठेवावे, आणि पावतीसह मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवण फसली किंवा वाण भलताच निघाला, तर तक्रारीला तेवढाच पुरावा असतो.